धाकट्या सुनेचा शब्द

खूप खूप पूर्वी, ज्या काळी वाटा माणसांनी आखलेल्या नसत, मेंढरांच्या खुरांनी पडलेल्या असत, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात पूर्वेला कोरडे डोंगर होते आणि पश्चिमेला ओली शेतं होती. मधून नदी वाहत होती.

डोंगरात मेंढपाळ राहत. पाऊस सरला, गवत पिवळं पडलं, की ते घोडीवर बिऱ्हाड लादत आणि मेंढरं पुढे घालून नदीकडे उतरत. पलीकडचे शेतकरी त्यांची वाट बघत असत. शेतात मेंढरं बसवली की लेंड्यांनी जमीन तरारायची. बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळायचं. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, म्हणून हे सगळं पिढ्यान् पिढ्या सुरळीत चाललं होतं.

नदीच्या एका उतारावर, म्हणजे पाणी उथळ असे तिथे, एक गाव होतं. त्याची वेस ओलांडल्याशिवाय तिथून नदी ओलांडता येत नसे, आणि त्या वेशीवर एक रिवाज होता. कळप थांबायचा. गावातली कुणी बाई पाण्याचा तांब्या घेऊन यायची. मेंढपाळांच्या तळावरची सगळ्यांत धाकटी सून पुढे होऊन पाणी प्यायची आणि म्हणायची, "आमचा कळप निरोगी आहे." मग वेशीतली काटेरी फांदी बाजूला व्हायची.

हे धाकट्या सुनेनेच का म्हणायचं? तर म्हणे, ती घरात नवी असते. त्या घराच्या वळणाचं खोटं बोलायला ती अजून शिकलेली नसते.

पण आपल्या गोष्टीच्या काळात हा रिवाज विटला होता.

त्याचं असं झालं, की मेंढरांत एक साथ आली. ओठांवर, कानांवर फोड यायचे, नाक गळायचं, आणि जनावर मान टाकायचं. मेंढरांपासून ती शेळ्यांना लागायची. राजाला काळजी वाटली. त्याने हुकूम काढला : ज्या कळपात एकही आजारी जनावर सापडेल, तो सगळा कळप मारून पुरून टाकावा. मालकाला भरपाई नाही. निरोगी कळपाच्या पाठीवर अंमलदाराने लाल शिक्का मारावा.

राजाचा हेतू वाईट नव्हता. हुकूम वाचायलाही चांगला वाटे. पण तो निघाल्यावर मेंढपाळ फोडांवर राख चोळायला शिकले, आणि अंमलदार लांबूनच बघून शिक्के मारायला शिकले. गावाने वेशीवरचा शब्द ऐकला, लाल शिक्का डोळ्यांनी पाहिला, आणि तरी महिन्याभरात गावच्या शेळ्या पटापट मेल्या.

तेव्हापासून गावाचा शब्दावरही विश्वास उरला नाही आणि शिक्क्यावरही. मेंढीचं दूध कुणी घेईना. घोंगडी विकत घेताना बायका नाकाला पदर लावू लागल्या. पूर्वी तांब्या हातात दिला जाई. आता तो वेशीच्या दगडावर ठेवून बाई मागे सरकायची.

त्या वर्षी एका तळावर एक नवी सून होती.

वैशाखात लग्न होऊन ती आली होती. ती फार बोलत नसे. सासूला वाटे, पोर गरीब आहे. नवऱ्याला वाटे, लाजते. खरं तर ती बघत असे. सासऱ्यांना सासूचा राग आला की ते घोडीला बोलतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. सासू तव्यावरची करपलेली भाकरी गुपचूप स्वतःच्या पानाखाली सरकवते, तेही पाहिलं होतं. सासर म्हणजे असं ठिकाण, जिथे दिसतं सगळं, पण आपण काही पाहिलं असं म्हणायचं नसतं.

तिचं माहेरही मेंढपाळाचंच. तिच्या आईवडिलांचा तळ दरवर्षी वरच्या उतारावरून आधीच नदीपार व्हायचा आणि गावासमोरच्या काठावर काही दिवस मुक्काम करायचा. नदी ओलांडली की नव्या सुनेने आईकडे पहिल्या माहेरपणाला जायचं, अशी पद्धत होती. ते दिवस सरले की माहेरचा तळ पश्चिमेला खोल निघून जाई, आणि मग भेट पुढच्या वर्षीच.

म्हणून डोंगरातून निघाल्यापासून तिचं चित्त नदीकडे लागलं होतं. आईच्या हाताला लोकरीचा तेलकट वास यायचा. मुलगी असताना तिला तो नकोसा वाटे. आता ती चालता चालता आपलाच तळहात नाकाशी नेई आणि तो वास तिथे शोधी. वास यायचा, पण तो तिच्याच हाताचा असायचा.

"तुझी चाल बदलली आहे," नवरा एकदा हसत म्हणाला. "नदी जवळ आली की घोडी जोरात चालते असं ऐकलं होतं. इथं घोडी मागे आणि तूच पुढे."

"घोडीला ओझं असतं," ती म्हणाली.

"आणि तुला?"

ती पदराआड हसली.

गावाअलीकडच्या शेवटच्या मुक्कामावर, सकाळी कोकरं आयांकडे प्यायला सोडताना, तिला एक कोकरू मागे राहिलेलं दिसलं. आई समोर उभी होती, पान्हा सोडत होती, आणि ते तोंड लावत नव्हतं. तिने त्याला मांडीवर घेतलं. ओठावर फोड होते. कानाच्या आत होते. शेपटीखाली होते.

तिने सासूला हाक मारली. सासूने वाकून पाहिलं, चुलीतली राख चिमटीत घेतली आणि कोकराच्या ओठाला चोळली.

"काटा लागला असेल."

"आत्याबाई, कानातही काटा लागला?"

सासू थांबली. मग हळूच म्हणाली, "पाहुणी आली म्हण. नाव घेऊ नकोस. मेंढवाड्यात नाव घेतलं की ती मुक्काम वाढवते."

"नाव नाही घेतलं तर जाते?"

"तू फार कमी बोलतेस तेच बरं आहे," सासू म्हणाली, आणि कोकरू घोंगडीत गुंडाळून घोडीच्या पाठीवरच्या टोपलीत ठेवू लागली. टोपलीची दोरी तिने सोडून दोनदा बांधली. सुनेने तेही पाहिलं.

सासरे आले. त्यांनी टोपलीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"दरवर्षी सून जे म्हणते तेच तू म्हणायचं," ते म्हणाले. "वेगळं काही म्हटलंस तर संध्याकाळपर्यंत आपल्याकडे घोडी आणि काठी राहील. मेंढरू एक राहणार नाही. तुझ्या बापाने आंदण दिलेली मेंढीसुद्धा नाही."

"आणि वेशीपलीकडे गाव आहे, मामा. त्यांच्या शेळ्या आहेत."

"त्यांनी आपली फिकीर कधी केली? आपण दिलेल्या दुधात माशी शोधतात."

आणि ते खरं होतं.

सासू जवळ आली. तिने सुनेच्या डोक्यावरचा पदर नीट केला, जो नीटच होता. "मीही या वेशीवर उभी राहिले होते," ती म्हणाली. "तेव्हा आमचा कळप खरंच निरोगी होता. किती सोपं होतं बाई ते. तू काय म्हणायचं ते मी सांगत नाही. एवढंच सांगते, पलीकडे तुझी आई आहे."

आणि ती खरोखरच होती. टेकाडावर चढताच नदी दिसली, नदीपलीकडे माळ दिसला, आणि माळावर एका तळाचा धूर. धुराखाली पांढरे ठिपके हलत होते. इतक्या लांबून माणूस ओळखू येत नाही. तरी एक लाल लुगडं पाण्यापर्यंत येऊन उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. ती चालायची थांबली. मागची मेंढरं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली.

वेशीवर लोक जमले होते. अंमलदार चावडीच्या सावलीत बसला होता, आणि त्याच्या शेजारी लाल रंगाचं मडकं तयार होतं. कळप थांबला. गावातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली, तिने तो दगडावर ठेवला आणि मागे सरली.

"म्हण तुझं ते," म्हातारी म्हणाली. "सगळ्याच म्हणतात."

सुनेने तांब्या उचलला. म्हातारीचं घर वेशीला लागूनच होतं. दाराशी खुंटे ठोकलेले होते, आणि एकाही खुंट्याला काही बांधलेलं नव्हतं.

"शेळ्या चरायला गेल्यात?" तिने विचारलं.

"मागच्या वर्षी जी सून इथं पाणी प्यायली, तिला विचार. तुझ्यासारखीच होती. खाली बघून गोड बोलली. माझ्या शेळ्या पाखराएवढ्या आवाजात ओरडून ओरडून मेल्या." म्हातारी रागावलेली नव्हती. राग येण्याचे दिवस तिचे होऊन गेले असावेत. "पी आता. तुझ्या लोकांना उशीर होतोय."

सून पाणी प्यायली. तांब्याच्या काठावरून तिला नदी दिसत होती. पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडचा धूर सरळ वर जात होता. पाच शब्दही बोलायचे नव्हते, आणि दिवस कलायच्या आत ती आईच्या चुलीपाशी बसली असती. आई म्हणाली असती, वाळलीस. मग तिने म्हटलं असतं, नाही गं. मग आईने तिला दूध ओतून दिलं असतं आणि ती पिईपर्यंत समोरून हलली नसती.

"आमचा कळप," ती म्हणाली आणि थांबली.

मागे घोडीने फुरफुर केली. नवरा खाकरला.

"आमचा कळप आजारी आहे," ती म्हणाली. "कोकराला फोड आलेत. वेस उघडू नका."

एकदम सगळेच बोलू लागले. कुणी शिव्या दिल्या, कुणी मुलांना मागे ओढलं, कुणी दगड उचलला. सासरे घोडीकडे वळले आणि तिलाच बोलू लागले. अंमलदार मात्र सावलीतून उठून उभा राहिला आणि गोंधळून पाहू लागला. इतक्या वर्षांत असा शब्द त्याच्या कानावर आला नव्हता, आणि मडक्यात तर लाल रंग कालवून झाला होता.

म्हातारी पुढे आली. दगडावर परत ठेवलेला तांब्या तिने उचलला, त्यात पाणी होतं ते पाहिलं आणि तो सुनेच्या हातात दिला.

"अजून पी," ती म्हणाली. "तोंड सुकलंय तुझं."

गावकऱ्यांनी अंमलदाराला विनवलं. म्हणाले, आजारी जनावरं वेगळी काढू, बाकीची टेकाडामागे ठेवू, चारा आम्ही लांबून टाकू. अंमलदार म्हणाला, "हुकमात तसं नाही." तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त हुकूम पाठ होता.

त्या दिवशी नदीकाठी एक मोठा खड्डा खणला गेला. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. आंदणाची मेंढी सगळ्यांत शेवटी गेली, कारण हाक मारल्याशिवाय ती जागची हलत नसे, आणि हाक मारायची कुणी हे कळेना. शेवटी सुनेनेच मारली.

मेंढरंच नाहीत, तर शेतात बसवायचं काय? तळ नदीअलीकडेच राहिला. आजारी तळाच्या माणसांनी तो हंगाम पाण्यात पाय घालू नये, असंही हुकमात होतं. गावाने मात्र त्यांना उपाशी ठेवलं नाही. म्हातारी रोज पदराखाली काहीतरी घेऊन यायची आणि सासऱ्यांशी बोलत बसायची. सासरे घोडीला बोलत, म्हातारी त्यांना बोलत असे.

सासू सुनेशी बोलली नाही. दोन शब्द टाकून बोलली असती तर सुनेला बरं वाटलं असतं. करपलेली भाकरी आता सून स्वतःच्या पानाखाली सरकवू लागली. सासूने ते पाहिलं, आणि पाहिलं असं म्हटलं नाही.

रोज सकाळी सून पाण्यापर्यंत जाई. पलीकडे धूर असे. लाल लुगडं कधी दिसे, कधी नुसतं वाटे. नवरा मागे येऊन उभा राही. त्याने एकदाही तिला 'का बोललीस' असं विचारलं नाही. एकदाच म्हणाला, "मी असतो तर नसतो बोललो." मग नदीकडे बघत म्हणाला, "आणि मग आयुष्यभर त्या म्हातारीचं दार चुकवून गेलो असतो."

एका सकाळी पलीकडे धूर नव्हता. माळ मोकळा होता. आईचा तळ पश्चिमेला निघून गेला होता.

इकडे डोंगरभर बातमी पसरली. प्रत्येक तळावर नव्या सुनांना बसवून सांगितलं जाऊ लागलं, "त्या अमक्या तळावरच्या सुनेसारखं करू नकोस बाई." मग सुना अधिकच गोड बोलू लागल्या. त्या गावाने आता खात्री झाल्याशिवाय फांदी हलवायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून तळ दुसऱ्या उतारांवरून जाऊ लागले. शिक्के पडत राहिले. साथ नदीपार गेली, शेतांतून गेली, बाजारातून गेली, आणि एक दिवस राजवाड्यामागच्या राजाच्या स्वतःच्या कळपात शिरली.

राजाला ते कळलं तेव्हा निम्मा कळप संपला होता. त्याने आपल्या म्हाताऱ्या मेंढक्याला बोलावलं.

"पहिलं मेंढरू केव्हा आजारी पडलं?"

"बरेच दिवस झाले, महाराज."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

मेंढक्याने मुंडासं काढून हातात घेतलं. "सांगितलं असतं, तर आपल्याच हुकमाने आपलाच कळप पुरावा लागला असता. आणि माझ्या पोराच्या चार मेंढ्या त्यातच चरतात."

राजाने विचारलं, "माझ्या राज्यात कुणीच खरं सांगितलं नाही?"

"एकीने सांगितलं होतं, महाराज. नदीच्या उतारावर. तिचा कळप आपण पुरला."

दुसऱ्या दिवशी जुना हुकूम मागे घेण्यात आला. नवा हुकूम असा निघाला, की जो आपणहून आजार सांगेल त्याची आजारी जनावरं तेवढी वेगळी काढावीत, आणि जी मरतील त्यांच्या बदल्यात राजाच्या कळपातून जनावरं द्यावीत. जो लपवेल, शिक्षा त्याला. आणि शिक्का मारण्याआधी अंमलदाराने जनावर हाताने तपासावं.

साथ ओसरल्यावर नदीकाठच्या तळावरही राजाच्या उरलेल्या कळपातली निरोगी मेंढरं आली. चांगली होती, धष्टपुष्ट होती. सासरे त्यांच्याभोवती दिवसभर फिरत राहिले. सुनेने त्यांना हाक मारली. एकाही मेंढराने मान वर केली नाही. त्यांना तिची हाक ओळखीची नव्हती. ती ओळखीची व्हायला सगळा उन्हाळा गेला.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर तळ पुन्हा नदीकडे उतरला. सून आता तितकी नवी नव्हती, पण तिच्यामागून कुणी आलं नव्हतं, म्हणून शब्द तिनेच द्यायचा होता. ती पुढे झाली. अजून तिने तोंडही उघडलं नव्हतं, तोच गावातल्या माणसांनी फांदी ओढून बाजूला केली.

"अहो, तिला बोलू तर द्या," अंमलदार म्हणाला.

"तिचं बोलून झालंय," म्हातारी म्हणाली.

नदी ओलांडल्यावर सासूने सुनेच्या हातातली काठी काढून घेतली. "जा तू," ती म्हणाली. वर्षभरानंतरचे हे तिचे पहिले मऊ शब्द होते. "उशीर झालाय आधीच."

आई चुलीपाशी बसली होती. ती उठली, पण उठताना तिने जमिनीला हात टेकला. पूर्वी ती हात टेकत नसे. केस पुष्कळ पिकले होते. एका वर्षात इतके पिकतात, हे सुनेला माहीत नव्हतं. दोघी जवळ बसल्या.

"मागल्या वर्षी पलीकडे धूर दिसायचा," आई म्हणाली. "तुमचाच असेल, असं वाटायचं. आजारी तळ आहे म्हणाले. मी म्हटलं, आजारी आहे असं सांगितलंय म्हणजे माझी पोरगी तिथं असणार."

"मग एक हाक तरी मारायचीस."

"रोज मारत होते," आई म्हणाली. "वारा तिकडून इकडे होता."

राजाने मेंढरांच्या बदल्यात मेंढरं दिली होती. त्या गेलेल्या वर्षाच्या बदल्यात देण्यासारखं मात्र त्याच्याकडेही काही नव्हतं. आईने दूध ओतून दिलं, आणि मुलगी ते पिईपर्यंत ती समोरून हलली नाही.

तेव्हा लहानथोर वाचकहो, या गोष्टीचं सार एवढंच : ज्या राज्यात खरं बोलणाऱ्यालाच दंड भरावा लागतो, तिथे शिक्के कितीही मारले तरी विश्वास उरत नाही; खरं बोलणाऱ्याला जो सांभाळतो, त्याच्याच राज्यात शब्दाला किंमत राहते.